शेतीच्या मासिकात शेतकरी म्हणजे कोण?

(भिलाईतील मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. धान्य आणि तेलबिया पिकवणाऱ्यांसाठी निघणारी मासिकं, साप्ताहिकं, हा काय बोलायचा विषय आहे? इथे बसलेले बहुतेकजण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. आपले आजोबा, कुणाचे पणजोबा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, नागपूरकडून निघाले आणि पोलाद कारखान्याच्या कामावर आले. दुसऱ्याच्या बांधीतली रोवणी आणि दुसऱ्याच्या खळ्यातली मळणी मागे टाकूनच ते आले. मग शेतीच्या मासिकाशी आपलं देणंघेणं काय?

मला वाटतं, देणंघेणं आहे. ते एका तांदळाच्या नावावरून सांगते.

सुपेलाच्या बाजारात जा, दुर्गला जा, राजनांदगावला जा. एचएमटी नावाचा बारीक तांदूळ सगळीकडे मिळतो. आपल्यापैकी बऱ्याच घरांत तोच शिजतो. एचएमटी हे एका घड्याळाच्या कंपनीचं नाव. ते तांदळाला कसं लागलं?

हे वाण शोधणाऱ्या माणसाचं नाव दादाजी रामाजी खोब्रागडे. गाव नांदेड. मराठवाड्यातलं मोठं नांदेड नव्हे, तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं लहान गाव. आपल्या गोंदियावरून बल्लारशाकडे जाणारी गाडी नागभीडवरूनच जाते. दादाजी दलित शेतकरी. शिक्षण तिसरीपर्यंत आणि जमीन जेमतेम दीड एकर. १९८३च्या सुमारास पटेल-३ नावाच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाणे वेगळे दिसले. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या. पुढच्या वर्षी पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. काही हंगाम हे चाललं आणि त्यातून बारीक दाण्याचं, शिजायला चांगलं, भरपूर उतारा देणारं धान उभं राहिलं. ते बाजारात गेलं तेव्हा त्याला नाव नव्हतं. व्यापाऱ्यांनी त्या वेळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचं नाव देऊन टाकलं.

पुढे कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही इथल्या संशोधन केंद्राने दादाजींकडून बियाणं नेलं. १९९८ मध्ये अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने वाण प्रसारित केलं. आम्ही बियाण्याची शुद्धी केली, निवड केली, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. ते काम झालंही असेल. पण ज्याच्या बांधीतून ते बी आलं त्याचं नाव वाणाच्या नावात आलं नाही. पंजाबराव देशमुख हे बहुजन शेतकऱ्यांचे नेते. त्यांच्या नावाच्या विद्यापीठातही हे घडलं, म्हणून ते जास्त बोचतं.

दादाजी तिथेच थांबले नाहीत. नांदेड हिरा, नांदेड चिन्नूर, विजय नांदेड, दीपक रत्न, डीआरके अशी आणखी वाणं त्यांनी काढली. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत त्यांचं नाव आलं. आणि ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेव्हाही घरची परिस्थिती हलाखीचीच होती. ज्या तांदळावर गिरण्या चालल्या, व्यापारी मोठे झाले, त्या तांदळाने त्यांच्या दीड एकराचे दोन एकरही केले नाहीत.

आता यात मासिकाचा संबंध काय, ते बघा. शेतीच्या कुठल्याही मासिकात हंगामाच्या आधी शिफारस केलेल्या वाणांचा तक्ता येतो. वाणाचं नाव, किती दिवसांत पिकतं, हेक्टरी उत्पादन किती, दाणा कसा आणि कुठल्या संस्थेने प्रसारित केलं, असे त्यात रकाने असतात. शोधणाऱ्या शेतकऱ्याच्या नावाचा रकाना त्यात नसतो. कुणी दुष्टपणे दादाजींचं नाव खोडलं असं म्हणायची गरज नाही. खोडायला ते आधी लिहिलेलं असावं लागतं. इथे लिहायला जागाच आखलेली नव्हती. जात पुष्कळदा शिवी देत नाही, ती फक्त रकाना आखत नाही. समाजशास्त्र शिकताना मला जे समजलं त्यातली ही मोठी गोष्ट आहे.

मी या मासिकांची निंदा करायला उभी नाही. महाराष्ट्राच्या कृषी विभागाचं 'शेतकरी' मासिक कित्येक दशकं निघतंय. २००५ पासून 'ॲग्रोवन' हे फक्त शेतीला वाहिलेलं मराठी दैनिक आहे. आपल्या इकडे हिंदीत 'कृषक जगत' आहे. सोयाबीनवर कुठली अळी पडली, तूर कधी फवारायची, लातूरच्या बाजारात काय भाव निघाला, हे गावात बसलेल्या माणसाला यांच्यामुळे कळतं. पूर्वी हे ज्ञान सावकार आणि अडत्याकडे असायचं. ते छापून सगळ्यांच्या हाती देणं ही मोठी गोष्ट आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. हे सगळं ज्याला उद्देशून लिहिलेलं असतं तो 'शेतकरी बंधू' कोण?

एखाद्या मासिकाचे वर्षभराचे अंक घ्या. 'शेतकरी' म्हणजे जमिनीचा मालक, पुरुष, बाजारात माल नेणारा, ट्रॅक्टर किंवा फवारणी यंत्र विकत घेऊ शकणारा. यशोगाथा त्याची, फोटो त्याचा, जाहिरात त्याच्यासाठी. शेतमजूर या पानांवर दोन शब्दांत भेटतो. पहिला शब्द 'मजूरटंचाई' आणि दुसरा 'मजुरी खर्च'. तो असतो तेव्हा खर्च असतो, आणि नसतो तेव्हा टंचाई असतो. त्याला नाव, गाव, घर, आजार, शाळेत जाणारी मुलगी, असं काही नसतं.

आणि हा मजूर थोडाथोडका नाही. २०११च्या जनगणनेत देशात शेती कसणारे सुमारे ११.९ कोटी होते आणि शेतमजूर सुमारे १४.४ कोटी. म्हणजे शेतात राबणाऱ्यांत मजुरांची संख्या जास्त आहे. २०१५-१६च्या कृषी गणनेप्रमाणे देशातल्या वहिती खात्यांपैकी अनुसूचित जातींकडे सुमारे १२ टक्के खाती होती आणि क्षेत्र सुमारे ९ टक्के. लोकसंख्येत आपला वाटा साडेसोळा टक्क्यांच्या वर आहे. तेव्हा 'शेतकरी म्हणजे जमिनीचा मालक' असं ठरवलं की आपले बहुतेक लोक त्या व्याख्येबाहेर जातात. त्यांना बाहेर काढावं लागत नाही, व्याख्याच ते काम करते.

व्याख्या कागदावर राहत नाही, तिचे पैसे होतात. छत्तीसगडचंच घ्या. इथे सरकार धान ३१०० रुपये क्विंटलने घेतं, एकरी २१ क्विंटलपर्यंत. २०२४-२५ मध्ये साध्या धानाची केंद्राची आधारभूत किंमत २३०० रुपये होती. म्हणजे राज्याने वर दिलेले क्विंटलमागे ८०० रुपये. २१ क्विंटलचे झाले १६,८००. हा फक्त एका एकरावरचा वरचा पैसा. पाच एकरवाल्याला ८४,०००. शेतकऱ्याला भाव मिळाला याचा मला आनंद आहे, तो मिळायलाच हवा. पण त्याच राज्यात भूमिहीन शेतमजूर कुटुंबाला जी मदत मिळते ती जानेवारी २०२५ पासून वर्षाला १०,००० रुपये आहे. संपूर्ण कुटुंबाचं पूर्ण वर्ष, आणि तरीही एका एकरावरच्या वरच्या पैशापेक्षा कमी.

या दोघांच्या मधे आणखी एक माणूस आहे. अधियाने किंवा रेगहाने दुसऱ्याची जमीन कसणारा. बी त्याचं, घाम त्याचा, पाऊस दगा देईल तर तोटा त्याचा. पण करार बहुधा तोंडी. धान खरेदीची नोंदणी मात्र जमिनीच्या कागदावर चालते. मालकाने संमती दिली नाही तर कसणाऱ्याचं नाव यादीत येत नाही. मग सोसायटीवर टोकन निघतं मालकाच्या नावाने आणि पैसा जातो मालकाच्या खात्यात. भाववाढीची बातमी मासिकात ठळक येते. ती भाववाढ कसणाऱ्याच्या घरापर्यंत पोचली का, हे विचारणारं पान त्यात नसतं.

कुणी म्हणेल, व्यवसायाचं मासिक आहे, त्याने पीक आणि बाजार सांगावा. जात, मजुरी, जमिनीची मालकी हे राजकारण तिथे कशाला? याचं उत्तर जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्येच देऊन ठेवलं आहे.

'शेतकऱ्याचा असूड' आपण बहुधा फक्त शोषणावरचं पुस्तक म्हणून वाचतो. त्याचा शेवटचा भाग नीट वाचा. त्यात ताली-बंधारे घालून पावसाचं पाणी शेतात कसं मुरवावं ते आहे. जनावरांची जात कशी सुधारावी, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचं शिक्षण कसं द्यावं, चांगलं पीक काढणाऱ्याला बक्षीस कसं द्यावं, तेही आहे. आजच्या कृषी मासिकात शोभेल असा मजकूर आहे तो. पण फुल्यांनी तो एकटा दिला नाही. आधी त्यांनी सांगितलं की भट, सावकार आणि सरकारी कामगार शेतकऱ्याला कसे नागवतात. मग सांगितलं बंधारा कसा घालायचा. त्यांच्या लेखी दोन्ही मिळून एकच विषय होता. आजच्या मासिकांनी त्यातला बंधारा घेतला आणि असूड ठेवून दिला.

याच पुस्तकाचा वर्तमानपत्राशी झालेला अनुभवही आपल्याला ठाऊक असला पाहिजे. 'दीनबंधू' १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलं. सत्यशोधक चळवळीचं ते पत्र. पुढे ते मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवलं. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांचे पहिले पुढारी, आपलेच. त्यांनी 'असूडा'ची सुरुवातीची दोन प्रकरणं छापली आणि पुढची छापली नाहीत. फुले संतापले. पूर्ण पुस्तक त्यांच्या हयातीत छापून निघालंच नाही. तेव्हा पत्र आपल्या माणसाचं असलं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. शेतकऱ्याचं किती दुखणं छापायचं, ही भीती आपल्या संपादकालाही वाटू शकते.

पण फुले छपाईवर अडून बसले नाहीत. त्यांनी 'असूड' पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांपुढे वाचून दाखवला. ऐकणाऱ्यांतल्या पुष्कळांना अक्षर येत नव्हतं. म्हणजे ज्याच्याविषयी लिहिलं, त्याच्यापुढेच ते वाचलं. आपल्या लिखाणाला लावायची ही चांगली कसोटी आहे.

आणि खेड्यातून पत्र चालत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी मुकुंदराव पाटलांचं 'दीनमित्र' आहे. नगर जिल्ह्यातल्या तरवडी या खेड्यातून ते १९१० ते १९६७ निघालं. सत्तावन्न वर्षं. सत्यशोधक विचार आणि कुणब्याच्या घरचा प्रश्न एकाच पानावर.

आता जरा लांब जाऊ. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. त्याच अमेरिकेत शेतीच्या मासिकाचं काय झालं ते पाहू. नॉर्थ कॅरोलिनात १८८६ मध्ये 'प्रोग्रेसिव्ह फार्मर' नावाचं पत्र निघालं. नावातच प्रगतिशील शेतकरी. बी कुठलं, खत कुठलं, सहकार कसा करावा, हे सगळं त्यात असायचं आणि ते उपयोगीही होतं. १९१३ पासून त्याच्या संपादकाने, क्लॅरेन्स पो याने, एक मोहीम चालवली. गोऱ्यांची वस्ती जास्त असलेल्या ग्रामीण भागात काळ्या माणसाला जमीन विकत घेता येऊ नये, असा कायदा करावा. कायदा झाला नाही. पण लक्षात घ्या, हे कुठल्या द्वेषाच्या पत्रकात नव्हतं. उत्तम शेती शिकवणाऱ्या मासिकात होतं. 'शेतकरी' म्हणजे गोरा मालक, हे त्या पानांवर आधीच ठरलेलं होतं. पुढची मागणी त्यातूनच आली.

त्याच काळात, त्याच दक्षिणेत, दुसरंही एक छापील काम चालू होतं. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामीत जन्मले. शेतीशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन ते १८९६ मध्ये टस्कीगीला, काळ्या मुलांच्या संस्थेत, शिकवायला गेले. दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवणारे काळे शेतकरी त्यांच्यासमोर होते. जमीन कसदार राहिली नव्हती आणि कर्ज फिटत नव्हतं. कार्व्हरांनी त्यांच्यासाठी सोप्या भाषेत पुस्तिका काढल्या. भुईमूग लावा, जमीन सुधारेल आणि घरात खायलाही होईल. १९१६च्या पुस्तिकेत तर भुईमुगाचे १०५ खाद्यप्रकार दिले होते. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत जाण्यासाठी १९०६ पासून अवजारं आणि बियाणं घेऊन गाडी गावोगाव फिरवली. एकाच मातीत, एकाच काळात दोन प्रकारची शेतीपत्रकं निघत होती. फरक ज्ञानात फारसा नव्हता. वाचणारा कोण धरला आहे, यात होता. आणि कार्व्हर कोण होते? आपल्यासारखेच, घराण्यातले पहिले पदवीधर.

आता भिलाईकडे परत येऊ. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. सगळे म्हणत होते की तुकडे लहान आहेत, ते जोडा म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेब म्हणाले, रोग तो नाही. जमिनीवर माणसांचा भार जास्त आणि भांडवल कमी, हा रोग आहे. या माणसांना उद्योगात काम द्या, म्हणजे शेतीही सुधारेल. १९५५ मध्ये भिलाईचा करार झाला, १९५९ मध्ये पहिली भट्टी पेटली आणि विदर्भातून आपली माणसं आली. बाबासाहेबांनी सुचवलेल्या उपायाचा एक तुकडा म्हणजे हे गाव. इथल्या कायम नोकरीने आपल्या घरात पहिल्यांदा पुस्तकं आली.

पण तो उपाय सगळ्यांपर्यंत गेला नाही. कायम नोकऱ्या कमी झाल्या, कंत्राटी वाढल्या. आणि आपले अर्धे नातेवाईक अजून रोवणीलाच जातात. म्हणून शेती सुटली असं म्हणणं हे फार तर आपल्या घरापुरतं खरं आहे, समाजापुरतं नाही. आणि शिकलेला माणूस निघून गेला की गावात उरलेल्याबद्दल लिहिणारं कुणी उरत नाही. मग त्यांच्याबद्दल 'मजूरटंचाई' एवढंच छापलं जातं.

तेव्हा करायचं काय? मोठ्या घोषणा मला येत नाहीत. चार कामं सांगते.

पहिलं. कुठल्याही एका शेतीच्या मासिकाचे वर्षभराचे अंक घ्या आणि मोजा. किती लेख, किती फोटो, नाव कुणाचं आलं, बाईचं किती वेळा आलं, भूमिहीनाचं किती वेळा, अधियावाल्याचं किती वेळा. समाजशास्त्र शिकणाऱ्याला हा चांगला लघुप्रबंध होतो. नुसत्या तक्रारीपेक्षा मोजलेली गोष्ट पुढे नेणं सोपं असतं.

दुसरं. या मासिकांना पत्र लिहा आणि एकच मागणी करा. तुम्ही सोयाबीनचा, धानाचा, हरभऱ्याचा भाव छापता. त्याच्या शेजारी मजुरीचा दर छापा. रोवणीचा रोज काय चालला आहे, बाईला किती, पुरुषाला किती. सोयाबीनची सोंगणी एकरी गुत्त्याने किती, आणि सरकारने ठरवलेलं किमान वेतन किती. भाव कळला की शेतकरी अडत्याशी बोलू शकतो. दर कळला की मजूर बाई मालकाशी बोलू शकेल. भाव छापणं हा व्यवसाय असेल तर दर छापणं हे राजकारण कसं?

तिसरं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांकडचं ज्ञान लिहून काढा. कुठलं धान कुठल्या बांधीत, बी कसं निवडायचं, पऱ्हे कधी टाकायचे. आपल्या आज्यांनी हे आयुष्यभर केलं, पण त्याला ज्ञान म्हटलं नाही, मजुरी म्हटलं. लिहिताना माणसाचं पूर्ण नाव, गाव आणि साल लिहा. २००१च्या कायद्याने शेतकऱ्यालाही वाणाची नोंद आपल्या नावावर करता येते. पण त्यासाठी पुरावा लागतो आणि पुरावा म्हणजे लिहिलेला कागद. दादाजी वह्यांच्या, संशोधनपत्रिकांच्या जगातले नव्हते. आपण आहोत.

चौथं. तुमच्यापैकी कुणी कृषी सहाय्यक व्हाल, कुणी पत्रकार, कुणी बँकेत, कुणी विद्यापीठात. ज्या दिवशी तुमच्यासमोर एखादा तक्ता भरायला येईल, त्या दिवशी त्यात कुठला रकाना नाही ते पाहा. अर्ज असेल, सर्वेक्षण असेल, वाणांची यादी असेल. तो रकाना वाढवण्याची शिफारस लेखी करा. ती फेटाळली तर पुन्हा करा. आरक्षणाने आपल्याला खुर्चीपर्यंत आणलं आहे. तिथे बसून फक्त दुसऱ्याने आखलेले रकाने भरायचे नाहीत.

आणि जे लिहाल ते एकदा घरी मोठ्याने वाचून दाखवा. ज्या आईने रोवणी केली तिला ते कळलं नाही, किंवा कळून पटलं नाही, तर पुन्हा लिहा. माझा स्वतःचा प्रबंध सध्या याच परीक्षेत अडकलेला आहे.

एवढं बोलून थांबते. जय जोती, जय भीम.